सैनिकाचे आत्मवृत्त आणि अनुच्छेद ३३

मराठीच्या शालेय प्रश्नपत्रिकेत काही निबंधविषय अजरामर आहेत. 'एका सैनिकाचे आत्मवृत्त' हा त्यांपैकी एक. पिढ्यान्‌पिढ्या मुले हा निबंध लिहीत आली आहेत. त्यात बर्फ असतो, आईचे पत्र असते, खांद्याला लागलेली गोळी असते आणि शेवटी तिरंगा असतो. सैनिक न झालेला चौदा वर्षांचा मुलगा सैनिकाच्या वतीने प्रथमपुरुषी एकवचनात वाटेल ते लिहू शकतो, त्याबद्दल त्याला वीसपैकी सोळा गुणही मिळतात. प्रत्यक्ष सैनिकाला मात्र आपल्या नोकरीविषयी असा मजकूर प्रसिद्ध करावयाचा असेल, तर सैन्य नियम, १९५४ मधील नियम २१ नुसार शासनाची, अथवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची, पूर्वपरवानगी घ्यावी लागते. सैनिकाचे आत्मवृत्त सैनिकाखेरीज सर्वांना मोकळे आहे, असे म्हटले तर ती केवळ कोटी ठरणार नाही.

आपण साहित्याचे लोक अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा हिरिरीने करतो. 'सखाराम बाइंडर'वरील सेन्सॉरची कात्री आणि कमलाकर सारंगांनी त्याविरुद्ध दिलेली न्यायालयीन झुंज हा आपल्या अध्यापनातला हक्काचा भाग आहे. अनुच्छेद १९ चा उल्लेख त्यात ओघाने येतो. पण संविधानाच्या त्याच तिसऱ्या भागात, थोडे पुढे, अनुच्छेद ३३ आहे, आणि त्याचा उच्चार मराठी विभागाच्या चर्चासत्रात झालेला प्रस्तुत लेखकाच्या तरी ऐकिवात नाही. साहित्याच्या दृष्टीने तो वाचण्याजोगा आहे, म्हणून हा प्रपंच.

या अनुच्छेदाची जागा पाहण्यासारखी आहे. त्याच्या लगेच आधी अनुच्छेद ३२ येतो, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. मसुद्यात तो पंचविसावा होता, आणि डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यालाच संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. त्याला लागूनच मसुद्यातला सव्विसावा, म्हणजे आजचा तेहतिसावा अनुच्छेद उभा आहे. हक्कांची हमी आणि त्या हमीतून वगळावयाची माणसे यांच्यामध्ये जेमतेम एका परिच्छेदाचे अंतर आहे. डॉ. आंबेडकर स्वतः महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले, सुभेदार रामजी सकपाळांचे पुत्र, हेही येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्यावरून काही सिद्ध करण्याचा हेतू नाही. एवढेच की सैन्याचे जग संविधानाच्या शिल्पकाराला परके नव्हते.

अनुच्छेद काय सांगतो? सशस्त्र दले, सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले, आणि १९८४ च्या पन्नासाव्या घटनादुरुस्तीनंतर गुप्तवार्ता संघटना व त्यांच्या दूरसंचार यंत्रणेत काम करणारे कर्मचारी, यांना मूलभूत हक्क लागू करताना ते कितपत मर्यादित करावेत किंवा काढून घ्यावेत, हे संसद कायद्याने ठरवू शकेल. यातील तीन तपशिलांकडे वाचक म्हणून लक्ष द्यावयास हवे. ठरवणारी संसद आहे, शासन नव्हे. ठरवावयाचे आहे ते 'कितपत', म्हणजे मोजमाप अपेक्षित आहे. आणि हे सारे कशासाठी, तर कर्तव्याचे योग्य पालन आणि शिस्त यांसाठी. हे हेतूचे वाक्यांश शोभेसाठी घातलेले नाहीत. कवितेतला एखादा शब्द काढून ती पुन्हा वाचण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो, तसा येथे करून पाहावा. हेतू काढला तर उरते ती निव्वळ सत्ता.

आता या मूळ वाक्याचे पुढे काय झाले ते पाहू. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम २१ ने केंद्र शासनाला नियम करण्याचा अधिकार दिला: संघटनांचे सदस्यत्व, सभा व निदर्शने, आणि वृत्तपत्रांशी संपर्क वा पुस्तक-पत्रादींचे प्रकाशन, या तीन बाबतींत. त्यानुसार १९५४ चे नियम १९, २० आणि २१ आले. नियम २१ राजकीय प्रश्नावरील वा सेवेसंबंधीच्या कोणत्याही विषयावरील मजकूर, पुस्तक, पत्र, लेख, इतकेच काय व्याख्यान आणि नभोवाणीवरील भाषणही पूर्वपरवानगीच्या कक्षेत आणतो. 'सेवाविषय' म्हणजे काय, तर सेनादले, संरक्षण आणि परराष्ट्रसंबंध यांच्याशी निगडित असे काहीही. मजकुराने काही हानी होते की नाही हा प्रश्नच नियमाच्या शब्दांत नाही. विषय पुरेसा आहे. तोफेचा पल्ला हा सेवाविषय, आणि भटारखान्यातली कच्ची पोळी हाही सेवाविषय. बराकीतल्या रात्रीवर लिहिलेली कविता सेवाविषय होईल काय? नियमाचे शब्द पाहता, होय. यातून एखादी गोष्ट निसटलीच, तर कलम ६३ आहे: सुव्यवस्था व लष्करी शिस्त यांना बाधक असे कोणतेही कृत्य, आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंतचा कारावास.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. या निर्बंधांची टिंगल करणे सोपे आहे, आणि दिवाणखान्यात बसून ते करणे तर फारच सोपे. शस्त्र बाळगणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य आणि शस्त्र नसलेल्याचे स्वातंत्र्य ही एकच गोष्ट नाही. सेनापतींनी राजकीय मते जाहीर करू लागावे आणि पलटणींनी पक्ष निवडावेत, याचा शेवट कुठे होतो हे शेजारच्या देशाने १९५८ पासून वारंवार दाखवले आहे. भारतात तसे घडले नाही, आणि त्याच्या श्रेयाचा काही वाटा या रुक्ष कलमांनाही दिला पाहिजे. राजकीय पक्षाचे सदस्यत्व, प्रचार, कामगारसंघटना यांवरील बंदीविषयी आमचे काहीही म्हणणे नाही. लढाईच्या योजना, शस्त्रास्त्रे, तैनाती यांच्या गुप्ततेविषयी तर नाहीच नाही.

संविधानकर्त्यांच्या डोळ्यांसमोर आणखीही एक प्रसंग ताजा असणार. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक प्रशिक्षण तळावर खलाशांनी अन्नत्याग केला. तक्रारींत निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ ठळक होती. दोन-तीन दिवसांत सत्तराहून अधिक जहाजे आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात ओढले गेले, गिरणगाव रस्त्यावर उतरला, मुंबईत गोळीबार झाला. घटना समितीची पहिली बैठक त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. बंड मागे घेणाऱ्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उत्पल दत्त यांनी १९६५ मध्ये या उठावावर 'कल्लोल' हे बंगाली नाटक रंगभूमीवर आणले. उठाव मुंबईचा आणि नाटक कलकत्त्याचे, याचा विचार मराठी नाट्यअभ्यासकांनी कधीतरी करावा.

पण त्या उठावातून दोन धडे निघू शकत होते. शिस्त सैल पडली की जहाजे हातची जातात, हा एक. आणि पानातल्या अन्नाबद्दल बोलावयाची वैध वाट नसेल तर साधी तक्रारही बंड होते, हा दुसरा. कायद्याने पहिला धडा नीट गिरवला. दुसऱ्यासाठी अधिनियमाच्या कलम २६ आणि २७ मध्ये वरिष्ठांकडे दाद मागण्याची सोय आहे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच साखळीतून ते वर जावयाचे, ही त्या सोयीची मर्यादा उघड आहे.

न्यायालयांनी अनुच्छेद ३३ कसा वाचला, हा वाचनशास्त्राचा एक सुरस अध्याय ठरावा. राम सरूप प्रकरणी, १९६३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सैन्य अधिनियमाची प्रत्येक तरतूद हा संसदेचा कायदा आहे. तेव्हा एखाद्या तरतुदीने मूलभूत हक्काला धक्का लागत असेल, तर संसदेने अनुच्छेद ३३ खाली तसे ठरवलेच आहे असे मानावे. संसदेने नाव घेऊन हात घातला तो कलम २१ मधल्या तीन बाबींना. उरलेल्या अधिनियमाबाबत तिच्या मौनातून तिचा हेतू काढला गेला. लेखकाचा हेतू संहितेबाहेर शोधू नये असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. येथे संहिता गप्प, आणि ते गप्प असणे हाच पुरावा. पुढे विश्वन प्रकरणी, १९८३ मध्ये, सीमेवरील रस्ते बांधणाऱ्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न आला, तेव्हा कलम २१ चा अधिकार वापरून शासनाने केलेले नियमही वैध ठरले. 'संसद ठरवील' याचा अर्थ 'कोणी ठरवावे हे संसद ठरवील' असा झाला. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नायर प्रकरणात स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी, सुतार, शिंपी अशी संरक्षण आस्थापनांतील मुलकी माणसेही या अनुच्छेदाच्या छत्राखाली आली. त्यांना वर्दीचे मानमरातब मिळाले नाहीत, वर्दीची बंधने मात्र मिळाली.

न्यायमूर्ती देसाई यांनी १९८२ च्या पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात वेगळा सूर लावला होता. निकाल सैन्याच्या बाजूने गेला, तरी कोर्टमार्शलच्या निर्णयावर एकही अपील असू नये ही उणीव त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवली. शासनाला ते पटावयास बराच काळ लागला. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि काम २००९ मध्ये सुरू झाले. नोंदवलेली उणीव भरून यावयास सत्तावीस वर्षे!

२०२० या एकाच वर्षातले दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. फेब्रुवारीत बबिता पुनिया प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन देण्याच्या बाजूने निर्णय दिला. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व मानणार नाहीत, असा शासनपक्षाचा एक युक्तिवाद होता. न्यायालयाने तो झिडकारला, आणि अनुच्छेद ३३ खालील निर्बंध कर्तव्य आणि शिस्त यांच्या गरजेपुरताच असावयास हवा, हे सांगितले. म्हणजे हेतूचे ते वाक्यांश जिवंत आहेत. ऑगस्टमध्ये मात्र, फेसबुक, इन्स्टाग्राम आदी ८९ ॲप्स वापरण्यावरील बंदीला एका लेफ्टनंट कर्नलने दिलेले आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळले. तेथे सुरक्षेची भीती हा युक्तिवाद पुरेसा ठरला. ती भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. समाजमाध्यमांवरून अधिकाऱ्यांना जाळ्यात ओढण्याचे प्रकार घडलेले आहेत. परंतु बंदीचे माप गरजेएवढे आहे काय, हा प्रश्न एका निकालात मध्यभागी आहे आणि दुसऱ्यात कडेला. धर्माचरणाच्या प्रश्नांतही, म्हणजे वायुदलातील दाढीचा २०१६ चा निकाल घ्या किंवा पलटणीच्या प्रार्थनास्थळाच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचे २०२५ चे प्रकरण घ्या, शिस्तीचेच पारडे जड राहिले. तो विषय स्वतंत्र आहे.

आमचा मुद्दा बोलण्या-लिहिण्यापुरता आहे, आणि तो पुस्तकी नाही. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलातील एका जवानाने आपल्याला मिळणाऱ्या जेवणाचे चित्रण समाजमाध्यमावर टाकले. पाण्यासारखी डाळ, करपलेली रोटी. दलाने आरोप नाकारले आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळालीत 'सहायक' प्रथेविषयी, म्हणजे अधिकाऱ्यांच्या घरची कामे जवानांकडून करून घेण्याविषयी, छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण एका संकेतस्थळाने प्रसिद्ध केले. त्यात बोललेला एक लान्स नाईक काही दिवसांनी छावणीतल्या एका वापरात नसलेल्या बराकीत मृतावस्थेत आढळला. संबंधित पत्रकार आणि एक माजी सैनिक यांच्यावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल गुन्हे दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते रद्द केले. छुपे चित्रण करणाऱ्या पत्रकारितेच्या जबाबदारीची चर्चा जरूर व्हावी. पण 'मला साहेबांच्या घरची कामे करावी लागतात' हे एक साधे विधान आहे. ते चोरून, चेहरा झाकून करावे लागले, आणि ते करणारा माणूस जिवंत राहिला नाही. त्या विधानाने शत्रूला कोणते गुपित कळले, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर या मौनाचा इतिहास जुना आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे तपासण्यासाठी ब्रिटिशांनी स्वतंत्र कचेरी उघडली होती. शिपायांना हे ठाऊक होते, म्हणून ते काळ्या मिरीविषयी आणि तांबड्या मिरचीविषयी लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि तांबडी मिरची म्हणजे गोऱ्या. गंमत अशी की ती पत्रे आज आपल्याला वाचता येतात ती तपासनिसाने उतारे काढून, इंग्रजीत भाषांतर करून दप्तरात ठेवले म्हणूनच. सेन्सॉरच अखेर संपादक ठरला. त्याच युद्धात वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या 'सैन्यातील आठवणी' मराठीत आल्या त्या १९३९ साली, युद्ध संपून दोन दशके उलटल्यावर. योगायोग असा की त्याच वर्षी विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' आले. आपल्या सर्वांत गाजलेल्या युद्धकादंबरीत रणांगण नाही, जहाज आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी असलेले मनोहर माळगावकर कादंबरीकार झाले ते सैन्य सोडल्यानंतर, आणि इंग्रजीत. १९६२ चा पराभव आतून सांगणारे ब्रिगेडियर दळवी यांचे 'हिमालयन ब्लंडर' १९६९ चे, निवृत्तीनंतरचे, तेही इंग्रजीच.

यादी वाढवता येईल, पण तिच्यातला समान धागा एव्हाना दिसला असेल. लिहितात ते अधिकारी, निवृत्तीनंतर, बहुशः इंग्रजीतून. आणि निवृत्तीनेही वाट मोकळी होते असे नाही. गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या एका निवृत्त मेजर जनरलांवर २००७ मधील पुस्तकाबद्दल शासकीय गुपिते अधिनियमाखाली खटला भरला गेला. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे, जे आपल्या पुण्याचे, त्यांच्या आठवणींचे पुस्तक २०२४ च्या आरंभी यावयाचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने त्यातील भाग दिला, मग हस्तलिखित शासकीय तपासणीत अडकले आणि पुस्तक ठरल्या वेळी आले नाही. सरसेनापतीची ही गत, तर साताऱ्याच्या सुभेदाराने कोणत्या खिडकीपाशी अर्ज द्यावा? जवानाने लिहिलेले, जवानाच्या बोलीतले मराठी गद्य म्हणूनच आपल्याकडे जवळपास नाही. ती पोकळी आपण वीरश्रीच्या गीतांनी भरून काढतो, आणि चित्रपटांनी. २०२० पासून चित्रपटांनाही संरक्षण मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे.

सैनिकाला लिहिता येत नाही म्हणून त्याचे साहित्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला गोपाळबाबा वलंगकरांचे नाव सांगावे. पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेल्या या हवालदाराने १८८० च्या दशकाच्या अखेरीस 'विटाळ विध्वंसन' लिहिले, आणि १८९४ मध्ये महारांची सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. दलित साहित्याची वंशावळ मांडताना आपण ज्या नावापाशी जातो, ते एका पेन्शनर शिपायाचे आहे. पलटणीच्या शाळेने त्याला अक्षर दिले, आणि पेन्शनीने ते वापरण्याची मोकळीक.

तेव्हा मागणी काय करावी? नियम २१ रद्द करा, असे नव्हे. 'सेवाविषय' या सर्वभक्षी शब्दाऐवजी जे खरोखर गुप्त राखावयाचे ते नियमात सांगावे: योजना, तैनाती, शस्त्रास्त्रे, सांकेतिक व्यवहार. जेवण, निवारा, रजा, अपमान, भीती, घरची ओढ यांना त्यातून वगळावे. परवानगीच्या अर्जाला ठरावीक दिवसांत उत्तर मिळावे, नकाराची कारणे लेखी असावीत, आणि त्या नकारावर न्यायाधिकरणात जाता यावे. निवृत्तांच्या हस्तलिखितासाठीही अशीच मुदत असावी. ललित लेखनाला पूर्वपरवानगीची अटच असू नये. कादंबरीतून तैनाती फुटेल अशी ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी कादंबऱ्या फारशा वाचलेल्या नसाव्यात. आणि हे सारे शासनाच्या अधिसूचनेने नव्हे, तर संसदेत, चर्चा करून ठरावे. अनुच्छेद ३३ ची भाषा तेच मागते.

आपल्या हातचे काम याहून जवळचे आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात निवृत्त सैनिक नाही असे गाव विरळा. ओव्या आणि लोकगीते गोळा करण्याची मोठी परंपरा असलेल्या मराठी विभागांनी '५६ एपीओ' एवढ्याच पत्त्यावरून आलेली पत्रे गोळा करण्याचा एखादा प्रकल्प अजूनही घ्यावा. त्यांतली बरीच पत्रे घरच्या बायकांनी शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतली, उत्तरेही त्याच्याकडूनच लिहवून घेतली. म्हणजे त्यांत दोन आवाज आहेत आणि मध्ये एक लेखनिक. २०२२ नंतर भरती झालेल्या अग्निवीरांपैकी बहुतेक जण चार वर्षांनी, ऐन पंचविशीच्या आत-बाहेर, गावी परततील. त्यांच्यातले काही आपल्याच वर्गांत बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव घालतील. त्यांनी घरी पाठवलेला मजकूर पत्रांत नाही, मोबाईलमध्ये आहे, आणि त्यातला बराचसा पुसलेला आहे.